स्क्रीन काळी करायची, पण कशासाठी?

लिनक्सच्या साध्या अक्षरांच्या कन्सोलवर दहा मिनिटे कोणी कळ दाबली नाही, की स्क्रीन आपोआप काळी होई. हा शिरस्ता वर्षानुवर्षे चालला. २ जुलै २०१७ रोजी आलेल्या ४.१२ या कर्नलपासून तो थांबला. कन्सोल आपणहून काळा होणे बंद झाले. ज्याला हवे असेल त्याने तसे सांगून करून घ्यावे, असे ठरले. निर्णय कर्नल लिहिणाऱ्यांच्या हातून निघाला आणि सर्व्हर सांभाळणारे, कॉलेजची लॅब चालवणारे, घरच्या कोपऱ्यात जुना लॅपटॉप चोवीस तास चालू ठेवणारे, अशांच्या पदरात पडला. ही मंडळी त्यावर बहुधा एकच तोड काढतात. एक छोटी शेल स्क्रिप्ट लिहितात: इतकी मिनिटे कीबोर्ड शांत असेल, तर स्क्रीन काळी कर.

अशी स्क्रिप्ट लिहावी की नाही, यावर दोन तट आहेत. एक म्हणतो, कोणी पाहत नसलेली स्क्रीन उजळत ठेवणे हा निव्वळ उधळेपणा. दुसरा म्हणतो, सर्व्हरसमोर कोणी नसते तेव्हाच त्याची स्क्रीन उघडी हवी. रात्री तीनला मशीन कोसळले तर सकाळी काय घडले ते सांगायला तीच उरते. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. घोळ होतो तो दोघांच्या डोळ्यांसमोर वेगवेगळी मशीन असतात म्हणून, आणि ‘काळी करणे’ या एकाच कृतीवर तीन वेगळ्या कामांचा भार टाकला जातो म्हणून. काच वाचवणे, वीज वाचवणे आणि परक्या नजरेपासून मजकूर वाचवणे ही ती तीन कामे. एकेकाचा हिशेब मांडल्याशिवाय स्क्रिप्टच्या बाजूने किंवा विरोधात बोलण्यात अर्थ नाही.

पहिले काम काचेचे. जुन्या सीआरटी मॉनिटरच्या काचेवर आतून फॉस्फरचा थर असे. एकाच जागी तीच अक्षरे महिनोन्‌महिने उजळत राहिली, की तेवढ्या जागचा थर बाकीच्यापेक्षा आधी झिजे आणि त्या अक्षरांचा डाग काचेवर कायमचा उमटे. मॉनिटर बंद केला तरी मेनूच्या ओळी दिसत. यावर उपाय कॉम्प्युटर घरात आला तेव्हापासून शोधले गेले. १९७९ साली आलेले अटारीचे ४०० आणि ८०० हे कॉम्प्युटर काही मिनिटे हात लागला नाही की स्क्रीनचे रंग आपणच बदलत राहत. डिसेंबर १९८३ मध्ये जॉन सोचा यांनी आयबीएम पीसीसाठी लिहिलेला ‘स्क्रनसेव्ह’ हा चिमुकला प्रोग्रॅम ‘सॉफ्टॉक’ मासिकात छापून आला. तीन मिनिटे कळ दाबली गेली नाही, तर तो स्क्रीन काळी करी. पुढे १९८९ च्या ‘आफ्टर डार्क’ने त्याच कामात उडते टोस्टर आणले आणि काच वाचवण्याची सोय करमणुकीची बाब झाली. लिनक्सचा दहा मिनिटांचा नियम याच घराण्यातला.

आज टेबलावर एलसीडी आहे. तिच्यात झिजणारा फॉस्फर तसा नाही. एकच चित्र फार काळ राहिले तर पुसट छाया दिसते, पण ती बहुतेकदा काही वेळाने जाते. ओलेड स्क्रीनवर डाग पडण्याची भीती अजून खरी आहे. मात्र सर्व्हरच्या रॅकवर किंवा लॅबच्या टेबलावर ओलेड क्वचितच सापडेल. म्हणजे ज्या कारणासाठी हा शिरस्ता पडला, ते कारण बहुतेक ठिकाणी संपले आहे. कर्नलने जुनी सवय सोडली, याला हा पहिला सबळ आधार.

दुसरे काम विजेचे, आणि इथे फसगत सर्वांत जास्त होते. एलसीडीतले स्फटिक स्वतः प्रकाश देत नाहीत. मागच्या बॅकलाइटचा प्रकाश ते अडवतात किंवा सोडतात. कन्सोलने स्क्रीन नुसती काळी केली, तर स्फटिक मिटतात आणि बॅकलाइट मागे जळतच राहतो. रात्री खोलीतला दिवा मालवून अशा मॉनिटरकडे पाहावे. ‘बंद’ वाटणारी स्क्रीन राखाडी उजेडाने भरलेली दिसते आणि कडांपाशी तो उजेड अधिक ठळक असतो. विजेचा मीटर तिला बंद मानत नाही. खरी बचत मॉनिटर झोपला तरच होते. त्यासाठी व्हेसा या संस्थेने १९९३ मध्ये डीपीएमएस हा संकेत ठरवला. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने त्याच्या आदल्या वर्षी ‘एनर्जी स्टार’ योजना सुरू केली होती आणि कॉम्प्युटर व मॉनिटर हीच तिच्यातली पहिली उपकरणे होती. कॉम्प्युटरने सिग्नल थांबवला, की मॉनिटर बॅकलाइट विझवून जेमतेम अर्ध्या-एक वॉटवर येतो. आडाखा मांडायचा तर वीस वॉटचा एक मॉनिटर दिवसाचे सोळा तास उगाच चालू धरा. वर्षाला सुमारे ११७ युनिट होतात. चाळीस मशीनच्या लॅबमध्ये ते साडेचार हजारांवर जातात. जिथे वीज जाते आणि यूपीएसवर मिनिटे मोजावी लागतात, तिथे बिलापेक्षाही बॅकअपचा हिशेब मोठा ठरतो.

पण हे सारे युनिट वाचतात ते मॉनिटर झोपल्यावर, स्क्रीन काळी झाल्यावर नव्हे. काही ग्राफिक्स ड्रायव्हर कन्सोल काळा होताच मॉनिटरलाही झोपवतात, काही नुसतीच अक्षरे पुसतात. कर्नलने नियम बदलला तेव्हा हेच कारण पुढे आले: नुसत्या काळ्या स्क्रीनने वीज वाचत नाही आणि कोसळलेल्या मशीनचा शेवटचा संदेश मात्र दिसेनासा होतो. फायदा शून्य आणि तोटा खरा, असा तो सौदा होता. यावर कोणी म्हणेल, मग ड्रायव्हर सुधारायचे, सवय कशाला सोडायची? आक्षेप रास्त आहे. मूळ सेटिंग बहुतेक लोक कधीच बदलत नाहीत, हे उघड आहे. नियम उलटा केला त्या दिवसापासून माहीत नसलेल्यांच्या कितीतरी स्क्रीन रात्रंदिवस उजळत राहिल्या असणार. कोपऱ्यात सर्व्हर म्हणून ठेवलेल्या जुन्या लॅपटॉपचेच पाहा. झाकण मिटल्यावर मशीन झोपू नये, म्हणून मालक ती सोय बंद करतो. मग मिटलेल्या झाकणाखाली बॅकलाइट जळत राहतो आणि उष्णता कीबोर्डमध्ये मुरते. अशा ठिकाणी कर्नलचा नवा नियम आंधळा आहे.

तरीही सर्व्हरच्या बाबतीत दुसऱ्या तटाची बाजू हलकी नाही. मशीन पूर्ण गोठते तेव्हा डिस्कवर लॉग लिहायलाही त्याला सवड मिळत नाही. शेवटच्या वीस-पंचवीस ओळी फक्त स्क्रीनवर असतात. कर्नल पॅनिक झाला तर काळी स्क्रीन उघडण्याचा प्रयत्न कर्नल स्वतः करतो. पण सगळीच मशीन असा निरोप देऊन मरत नाहीत. कित्येकदा पॅनिकपर्यंत गोष्ट पोचतच नाही. मशीन मुकाट्याने थांबते, कीबोर्ड प्रतिसाद देत नाही, आणि आधी आलेल्या मेमरीच्या किंवा डिस्कच्या इशाऱ्यांवर काळा पडदा असतो. सकाळी आलेल्या माणसाला रीसेट दाबण्यावाचून गत्यंतर नसते आणि त्याबरोबर पुरावाही जातो. मोठ्या ठिकाणी यावर पर्याय आहेत: सीरियल कन्सोल लावतात, नेटकन्सोल कर्नलचे संदेश नेटवर्कवरून दुसऱ्या मशीनला धाडतो, केडम्प कोसळतानाची मेमरी टिपून ठेवतो. ही व्यवस्था लावलेली असेल तर स्क्रीन साक्षीदार म्हणून उरली नाही तरी बिघडत नाही. पण दोन सर्व्हरचे छोटे कार्यालय, शाळेची लॅब, पतसंस्थेची खोली इथे असे काही लावलेले सहसा नसते. तिथे उघडी स्क्रीन हाच फुकटचा लॉग. व्हर्च्युअल मशीनचा तर प्रश्नच वेगळा. तिच्या कन्सोलला ना काच आहे ना बॅकलाइट. तो काळा करून कोणाचेच काही वाचत नाही. होस्टवरून डोकावणाऱ्याला मात्र काळा चौकोन दिसतो आणि मशीन मेले की झोपले, हे कळेनासे होते.

आता स्क्रिप्टकडेच जवळून पाहू, कारण खरी मेख तिच्यात आहे. तिचा सांगाडा सोपा असतो. एक न संपणारे चक्र. त्यात अर्धे मिनिट थांबायचे, मग पहिल्या कन्सोलची म्हणजे टीटीवाय१ ची शेवटची वाचनवेळ बघायची, आत्ताच्या वेळेतून ती वजा करायची आणि फरक ठरलेल्या मर्यादेपेक्षा मोठा असेल तर स्क्रीन काळी करायची. ‘डब्ल्यू’ ही आज्ञा कोण किती वेळ रिकामा बसला आहे ते दाखवते, तीही याच वाचनवेळेवरून. इथे पहिली खोच आहे. कळ दाबली आणि वेळ बदलली, असे चुटकीसरशी होत नाही. २०१३ मध्ये एक सुरक्षादोष उघड झाला: टर्मिनलच्या वेळनोंदी टिपत बसणाऱ्याला दुसऱ्याच्या कळा किती अंतराने पडतात याचा सुगावा लागू शकत होता. त्यानंतर या नोंदी मुद्दाम भरड केल्या गेल्या. आता त्या आठ सेकंदांच्या टप्प्याने पुढे सरकतात. काळी करताना आठ सेकंदांनी काही अडत नाही. पुन्हा उजळताना अडते.

कारण स्क्रीन कोणी काळी केली, यावर तिला कोण जागे करणार ते ठरते. ‘सेटटर्म’ या आज्ञेने किंवा ‘कन्सोलब्लँक’ या कर्नलच्या सेटिंगने ती काळी केली असेल, तर कर्नलला ते ठाऊक असते आणि कुठलीही कळ दाबताच तो ती लगेच उघडतो. पण बॅकलाइट हमखास विझावा म्हणून स्क्रिप्टने थेट सिस फाइलसिस्टीममधल्या बीएल_पॉवर या फाइलीत आकडा लिहिला, तर कन्सोलच्या लेखी स्क्रीन उघडीच असते. कळ दाबून काही होत नाही. स्क्रिप्टचे चक्र फिरेल, भरड वाचनवेळ बदललेली दिसेल, तेव्हा कुठे उजेड येईल. तोवर समोरचा माणूस काय करतो? आणखी कळा दाबतो, आणि त्यातही एंटर. कन्सोलवर अर्धवट लिहून सोडलेली आज्ञा असेल, तर ती चालते. कोणी अंधारातच पासवर्ड टाइप करतो. तो लॉगिनच्या चौकटीत न जाता उघड्या शेलमध्ये जातो आणि इतिहासाच्या फाइलीत साठून राहतो. कर्नलच्या काळ्या स्क्रीनलाही ही जोखीम थोडीफार आहेच, कारण तिला जागी करणारी कळ वाया जात नाही, खालच्या प्रोग्रॅमपर्यंत पोचते. म्हणून जुने जाणते अशी स्क्रीन शिफ्ट दाबून उघडतात, एंटर दाबून नाही.

दुसरी खोच, कळ न दाबणारा माणूस गैरहजर असतोच असे नाही. लांबलचक लॉग शांतपणे वाचणारा, ‘टॉप’ उघडून मेमरी कुठे जाते ते निरखणारा, बॅकअप संपण्याची वाट पाहणारा, यांच्यापैकी कोणीही कीबोर्डला हात लावत नाही. स्क्रिप्टच्या दृष्टीने ते सगळे रिकामे. डोळ्यांदेखत स्क्रीन काळी झाली की माणूस वैतागतो आणि पहिल्याच दिवशी स्क्रिप्ट बंद करून टाकतो. मर्यादा पाच मिनिटांची असेल तर हे नक्की घडते; पंधरा-वीस मिनिटांची असेल तर सहसा घडत नाही. थोडा उजेड वाया गेला तरी चालेल, काम करणाऱ्याच्या डोळ्यांवर पडदा पडायला नको.

तिसरी खोच बारीक आहे, पण वेळ सर्वांत जास्त तीच खाते. ‘सेटटर्म’ काही जादू करत नाही. तो कन्सोलकडे एक संकेतमाला पाठवतो. ती योग्य कन्सोलवर गेली तरच परिणाम होतो. तीच आज्ञा एसएसएचवरून दिली किंवा क्रॉनमध्ये टाकली, तर समोर लिनक्सचा कन्सोल नसतोच आणि संकेत भलतीकडे जातो. टर्मिनलचा प्रकार लिनक्स असल्याचे स्पष्ट सांगून आज्ञेचे आउटपुट, आणि तत्क्षणी काळी करायची असेल तर इनपुटही, टीटीवाय१ कडे वळवावे लागते. शिवाय एकके वेगळी. ‘सेटटर्म’ मिनिटे मोजतो आणि साठाच्या पुढे जात नाही. कर्नलचे ‘कन्सोलब्लँक’ सेकंद मोजते. दहा मिनिटांच्या विचाराने तिथे नुसते दहा लिहिले, तर दर दहा सेकंदांनी अंधार. आणि बॅकलाइटची फाइल लिहायला रूटचे अधिकार लागतात. केवळ स्क्रीन विझवण्यासाठी रूटच्या हक्कांनी अखंड चालणारी, कोणी पुन्हा न वाचलेली स्क्रिप्ट मशीनवर ठेवावी का, हाही विचार करण्याजोगा मुद्दा आहे.

राहिले तिसरे काम, परक्या नजरेचे. रिसेप्शनमागे, प्रयोगशाळेत, बँकेच्या काउंटरआड उघड्या कन्सोलवर इतरांनी पाहू नये असा मजकूर असतो, म्हणून स्क्रीन काळी करायची, असे पुष्कळजण सांगतात. हा तर आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी असा प्रकार. काळी स्क्रीन कुलूप नव्हे. जाणाऱ्या-येणाऱ्याने शिफ्ट दाबली, की लॉगिन केलेला शेल जसाच्या तसा समोर उभा, आणि तो रूटचा असेल तर सगळे मशीन त्याच्या हाती. उलट काळ्या स्क्रीनमुळे मशीन बंद असल्याचा समज होतो आणि उघडे लॉगिन कोणाच्या लक्षातही येत नाही. नजरेची आणि हाताची भीती असेल तिथे ‘व्हीलॉक’सारख्या प्रोग्रॅमने कन्सोलला कुलूप लावावे, किंवा बॅश शेलच्या टीएमआउट या चलात वेळ भरून ठेवावी, म्हणजे तेवढा वेळ प्रॉम्प्ट रिकामा राहिला की लॉगिन आपोआप संपते. टीएमआउटलाही मर्यादा आहे. ते प्रॉम्प्टपाशीच पाहते. एडिटर किंवा लॉग वाचणारा प्रोग्रॅम उघडा असेल, तर ते हात लावत नाही. कुलपालाही किंमत आहे. नेटवर्क पडलेले, सर्व्हरचे कन्सोल सगळेच्या सगळे कुलूपबंद, आणि पासवर्ड जाणणारा माणूस गावी गेलेला, अशी रात्र ज्याच्यावर आली आहे, तो सरसकट कुलपाची शिफारस करणार नाही. म्हणून कुलूप लावण्याआधी किल्ली आणखी कोणाकडे आहे, ते लिहून ठेवलेले बरे.

सगळ्या बाजू तोलल्यावर कर्नलचा २०१७ चा निर्णय आम्हाला योग्य वाटतो. तो सर्वांच्या सोयीचा आहे म्हणून नव्हे; ज्याच्यासाठी एकच उत्तर नाही, ते त्याने मशीनपाशी बसणाऱ्यावर सोपवले म्हणून. मात्र ज्याच्यावर सोपवले, त्याने ते डोळसपणे घ्यावे. सर्व्हरला मॉनिटर कायम जोडलेला असेल तर कन्सोल उघडा ठेवावा आणि मॉनिटर त्याच्या बटणाने बंद करावा; वीजही वाचते आणि संदेशही शाबूत राहतो, बटण दाबले की शेवटच्या ओळी समोर असतात. मिटलेल्या झाकणाखालचा लॅपटॉप असेल तर बॅकलाइट खरोखर विझवावा. पण आधी ‘कन्सोलब्लँक’ने तो विझतो का ते अंधारात पाहून घ्यावे, आणि विझत नसेल तरच बीएल_पॉवरच्या वाटेला जावे. लॅबमध्ये मॉनिटर झोपवणे हाच खरा उपाय. तिथे ग्राफिकल डेस्कटॉपची सोय आधीच तयार असते, स्क्रिप्टची गरज नसते. व्हर्च्युअल मशीनला तर हात लावू नये. जिथे माणसांची वर्दळ आहे, तिथे आधी कुलूप, मग काळी स्क्रीन.

एवढे वगळून उरतात त्या जागा थोड्या आहेत, पण आहेत: ड्रायव्हर आडमुठा असलेले जुने मशीन, रात्रीच काळी व्हावी अशी स्क्रीन, कोणी लॉगिन केलेले नसेल तेव्हाच विझावा असा मॉनिटर. अशी अट कर्नलला सांगता येत नाही. शेल स्क्रिप्टला येते, आणि ती तिथे शोभते. तीही शक्यतो स्वतः स्क्रीन न विझवता कर्नललाच विझवायला सांगणारी असावी, म्हणजे जागे करण्याचे काम जो क्षणात करतो त्याच्याकडेच राहील. आणि तिच्या पहिल्याच ओळीत कॉमेंट म्हणून लिहावे: काच, वीज की नजर. त्या तिन्हींपैकी एकही शब्द प्रामाणिकपणे लिहिता येत नसेल, तर फाइल सेव्ह न करता एडिटर बंद करावा.